जुलाब घेणे आणि जुलाब होणे

वर्गात क्रियापदे शिकवताना मी एक उदाहरण मुद्दाम टाळतो, कारण ते दिले की पुढची दहा मिनिटे वर्ग हातात राहत नाही. ‘जुलाब घेणे’ आणि ‘जुलाब होणे’. नाम एकच, पण पहिल्यात ते औषध आहे, दुसऱ्यात दुखणे. मूळ शब्द फारसी. गुल आणि आब, म्हणजे गुलाबपाणी. अरबांच्या तोंडी ‘ग’चा ‘ज’ झाला, हकीम औषध ज्या गोड पाकातून देत त्याला हे नाव पडले, आणि आमच्याकडे पोचेपर्यंत गुलाबाचा वास पार उडून गेला!

हे सारे आठवायचे कारण देवबागची दिवाळी. या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊकच आहे की माझ्या धाकट्या बहिणीचे सासर तिथे. मालवणहून तारकर्लीवरून पुढे गेले की जमीन निमुळती होत जाते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, आणि मधल्या माडांच्या पट्टीत घरे. माझी भाची परिचारिकेचे शिक्षण घेते. सुटीतही औषधशास्त्राचे जाडजूड पुस्तक घेऊन ओटीवर बसली होती.

पहिली तक्रार तिच्या आजीची. “अगो, दोन दिस पोट साफ नाय. एरंडेल दी माका.” एरंडेलाची बाटली फळीवरच होती. आमच्या लहानपणी आईने ती एव्हाना आमच्या घशात रिकामी केली असती. पण भाचीने आधी आजीची उलटतपासणी मांडली. पोटात दुखते का? उलटी? वारा सरतो का? नवे औषध कोणते चालू आहे? म्हातारी वैतागली, पण शेवटच्या प्रश्नाला उत्तर सापडले. रक्त कमी म्हणून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि लोहाने पुष्कळांना कोठा जड होतो.

“मामा, दुखणाऱ्या पोटावर रेचक कधी द्यायचं नाही,” ती मला म्हणाली. “आतून अपेंडिक्स सुजलेलं असेल तर ते फुटू शकतं.” मला आमच्या आळीतली दोन-तीन घरे आठवली आणि मी गप्प राहिलो. आजीला इसबगोल मिळाले, तेही भरपूर पाण्याबरोबर आणि लगेच आडवे न होण्याच्या अटीवर. इसबगोल पाणी शोषून फुगते. पाणीच कमी पडले तर घशात किंवा आतड्यात तेच बोळा होऊन बसते. गोळ्यांचे डॉक्टरांना विचारू, तोवर आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, असेही तिने बजावले.

खरा प्रसंग रात्रीचा. धाकटा भाचा चार वर्षांचा. दिवसभर फराळ आणि कुठले कुठले पाणी झाले होते. दहानंतर त्याला जुलाब सुरू झाले. पाचव्या खेपेला पोराचा चेहरा उतरला. प्रवासात माझ्या पाकिटात लोपेरामाइडची गोळी असतेच. मी अर्धी मोडून पुढे केली. भाचीने ती माझ्या हातातून काढूनच घेतली. ही गोळी आतड्याची चाल मंद करते. बाहेरून थांबल्यासारखे दिसते, पण जंतू आणि पाणी आतच साचते. पोराटोरांना ती द्यायचीच नाही, आणि ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर मोठ्यांनीही तिच्या वाटेला जायचे नाही.

मग क्षारसंजीवनीची पुडी निघाली. निदान हे तरी आपण करू म्हणून मी अख्खी पुडी एका पेल्यात ढवळली. पुडी लिटरभर पाण्याची होती! पाण्यात मीठ प्रमाणाबाहेर झाले तर पोराचा फायदा राहो, घातच व्हायचा. तसे पुडीवर स्वच्छ मराठीत छापलेले होते, आणि मी मराठीचा प्राध्यापक. पेला मोरीत गेला.

या पुडीत जादू काही नाही. साखर, मीठ आणि आणखी दोन क्षार. पण साखरेच्या सोबतीने मीठ आतड्याच्या अस्तरातून आत जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा उघडी राहते. १९७१ साली पूर्व बंगालचे निर्वासित बनगावच्या छावणीत पटकीने मरत होते आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांत कालवून आईबापांच्या हाती दिले. शेकडा तीसच्या घरातले मृत्यू त्यांच्या देखरेखीखाली चारांच्याही खाली आले. २०२३ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, तेही मरणोत्तर.

दुकानात मात्र याच नावाच्या आडोशाने नुसती गोड सरबते खोक्यांतून विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढून ते नाव त्यांच्याकडून काढून घेतले. पुडी नसेलच तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

रात्रभर बहीण आणि भाची चमच्याचमच्याने पाजत बसल्या. एकदा त्याने ओकले. दहा मिनिटे थांबून पुन्हा चमचा सुरू. भाची मधूनमधून पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडी. ती पटकन पूर्वीसारखी होते का, डोळे खोल गेलेत का, लघवी झाली का, हे पाही. पोर मलूल झाले, पिईनासे झाले, तर मध्यरात्रीही गाडी काढायची असे ठरले होते, आणि मेहुण्यांनी किल्ली उशाशी घेतली होती. तीनच्या सुमारास त्याने लघवी केली. एवढ्या गोष्टीने घरात आनंद झालेला मी प्रथमच पाहिला. सकाळी डॉक्टरांनी त्याच पाण्यावर शिक्कामोर्तब केले, चौदा दिवसांचे जस्त लिहून दिले आणि जेवण तोडू नका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी संगमावर डॉल्फिन बघायला होडी ठरली. मला बोट लागते. हे लागणे पोटाचे वाटले तरी त्याचे मूळ कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात असते. त्यामुळे कर्करोगाच्या उपचारातली वांती थोपवणारे ऑन्डान्सेट्रॉन इथे फारसे कामाला येत नाही. प्रोमेथाझिन येते, पण ते निघण्यापूर्वी तासभर तरी घ्यावे लागते. होडी डुलायला लागल्यावर घेतलेली गोळी समुद्रालाच अर्पण होते. भाचीने सर्वांदेखत मला काचबिंदू आहे का आणि लघवीला अडते का, हे विचारून घेतले, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही असे कबूल करवून मगच गोळी घेऊ दिली.

मळमळ अजिबात झाली नाही. डॉल्फिन चार होते म्हणतात. मी भोगव्याच्या किनाऱ्यापर्यंत गाढ झोपलो होतो.