बुल्सचा स्लोन, जॅझचा स्लोन
बास्केटबॉलमध्ये टाळ्या मिळतात गुण करणाऱ्याला. समोरच्याला गुण करू न देणारा बहुधा शिव्यांचाच धनी. जेरी स्लोनने नेमकी हीच जागा पसंत केली. इलिनॉयमधल्या एका शेतकरी घरातलं हे शेंडेफळ 1966 साली नव्याने निघालेल्या शिकागो बुल्समध्ये आलं आणि दहा हंगाम प्रतिस्पर्ध्यांना छाती भिडवून उभं राहिलं. एनबीए या अमेरिकी लीगच्या सर्वोत्तम बचाव संघांत त्याची सहा वेळा निवड झाली. 1976 मध्ये गुडघ्यानेच हात टेकले. पुढच्या वर्षी इव्हान्सविल या आपल्या जुन्या विद्यापीठाचं प्रशिक्षकपद त्याने स्वीकारलं आणि पाच दिवसांत सोडलं. त्याच डिसेंबरात त्या विद्यापीठाच्या संघाचं विमान कोसळलं. पुढे बुल्सचाच प्रशिक्षक झालेला आणि 1982 मध्ये त्यांनीच काढून टाकलेला स्लोन 1988 च्या अखेरीस युटा जॅझचा मुख्य प्रशिक्षक झाला, तो थेट 2011 पर्यंत. तिथे जॅझच्या मलोन या खेळाडूने बचावपटूच्या वाटेत आडवं उभं राहायचं, त्याचा साथीदार स्टॉकटनने त्याच्या आडून चेंडू काढायचा, ही ‘पिक अँड रोल’ची चाल वर्षानुवर्षं चालली, समोरच्यांना ती तोंडपाठ होती, तरी अडवता येत नसे. 1997 आणि 1998 च्या अंतिम फेरीत जॅझ हरले ते बुल्सकडून, ज्यांनी सगळ्यांत आधी स्लोनचीच 4 क्रमांकाची जर्सी निवृत्त केली होती. साखळीत 1,221 विजय मिळवूनही एनबीएचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार त्याला एकदाही मिळाला नाही. मतदार काय पाहत होते कोण जाणे! हॉल ऑफ फेममध्ये मात्र तो 2009 साली गेला, स्टॉकटनबरोबर, आणि दोन्ही अंतिम फेऱ्या हिसकावून नेणाऱ्या मायकेल जॉर्डनबरोबरही.