कोंढाण्याची लिपी आणि नोंदीबाहेरची माणसं

भटक्या लोकांना इतिहास नसतो, असं आपण फार सहज बोलून जातो. इतिहास असतो हो, फक्त तो दुसऱ्याच्या दप्तरात असतो. आणि दप्तर लिहिणाऱ्याला भटक्याची आठवण कधी होते, तर भांडण झालं की!

चंगीझखानाच्या कितीतरी आधी चीनच्या उत्तर सरहद्दीवर फिरणारे मंगोल कुळातले लोक घ्या. चिनी ग्रंथांत त्यांच्या पूर्वजांना 'दोंगहू' म्हटलंय, म्हणजे पूर्वेकडचे रानटी. ते स्वतःला काय म्हणवत, कोण जाणे. त्यांच्यातून पुढे श्यानबेई निघाले. श्यानबेईंच्या तुओबा शाखेने इ.स. ३८६ मध्ये उत्तर चीनमध्ये राज्यच उभं केलं. म्हणजे कालचे भटके आज गादीवर. मग गंमत बघा. याच घराण्यातल्या ताइवू सम्राटाने उत्तरेकडच्या रौरान भटक्यांचं नाव मुद्दाम वळवळणाऱ्या किड्यांचा अर्थ निघेल अशा अक्षरांत लिहायला लावलं. आणि स्वतःच्या पूर्वजांची गुहा सापडल्याचं कळताच ४४३ मध्ये अधिकारी पाठवून तिथे पूजा केली, भिंतीवर लेख कोरला. तो लेख १९८० मध्ये गाश्यान गुहेत सापडला. लेख चिनी भाषेत आहे! पूर्वजांशी बोलायचं तेही परक्या भाषेत. पुढे ४९५ मध्ये त्याच्याच वंशजाने दरबारात श्यानबेई भाषा बोलायला बंदी केली, आणि वर्षभरात घराण्याचं आडनावही बदलून चिनी करून टाकलं.

आणि ते 'किडे'? मंगोलियात खुइस तोलगोइ नावाच्या जागी १९७५ मध्ये एक शिलालेख सापडला. तो वाचता यायला पुढे चाळीसेक वर्षं लागली. काळ साधारण सहाव्या शतकाची अखेर किंवा सातव्याची सुरुवात. भाषा मंगोल कुळातली, रौरानांचीच असावी असं काही अभ्यासक म्हणतात. आणि लिपी ब्राह्मी! बौद्ध धर्माबरोबर मध्य आशियातून फिरत फिरत ती तिथे पोचली होती.

हे वाचलं आणि मला आमच्या कर्जत तालुक्यातलं कोंढाणं आठवलं. राजमाचीच्या पायथ्याच्या त्या लेण्यात दर्शनी भागाशी एका भंगलेल्या मूर्तीजवळ एक ओळ कोरलेली आहे, कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं अशा अर्थाची. तीही ब्राह्मीतच. दोन्हींत सहा-सातशे वर्षांचं अंतर, अक्षरांची वळणं पार बदललेली, पण कूळ एकच. इथली लिपी मंगोलियाच्या गवताळ माळापर्यंत गेली. लेण्याच्या भोवतालच्या रानात राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांपर्यंत मात्र लिहिणं-वाचणं पोचायला विसावं शतक उजाडलं, आणि अजूनही ते धड पोचलंय असं मला वाटत नाही.

'कातकरी' हे नाव तरी काय आहे? खैराचा कात काढणारे ते कातकरी. म्हणजे आपल्या विड्यात ते काय घालतात त्यावरून आपण त्यांना ओळखलं. माथेरानचंही तेच. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये खालापूर तालुक्यातल्या चौकेवरून वर चढला आणि माथेरानचा 'शोध' लागला. त्या डोंगरावर, उतारांवर धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून वावरत होते. पण त्यांनी अहवाल लिहिला नव्हता ना!

असो. मॅलेटवर राग काढून उपयोग नाही, कारण आपण आजही तेच करतोय. खैराचं रान सरकारी झालं, कात गेला. आता दिवाळी झाली की उचल घेऊन वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. मुलाचं नाव शाळेच्या पटावर असतं, मूल भट्टीवर असतं. जातीचा दाखला मागायला जावं तर १९५० च्या आधीचा कागद आण म्हणतात. ज्यांची कुणी नोंदच केली नाही त्यांच्याकडे नोंदीचा पुरावा मागायचा, हा कुठला न्याय? बऱ्याच वाड्या खाजगी मालकाच्या जागेवर बसलेल्या. दोन-तीन पिढ्या झाल्या तरी सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही. पूर्वी मालकाला मजूर हवे होते, म्हणून कुणी हटकलं नाही. आता कर्जत-खालापुरात फार्महाऊसांनी भाव चढवलेत, आणि वाडीभोवती तारेचं कुंपण पडायला लागलंय.

अशा वेळी कातकरी महोत्सव, वारली चित्रांच्या भिंती वगैरे मला फार पोकळ वाटतं. आधी वाडीखालची जमीन गावठाण म्हणून नोंदवा. मोजणी करा, घरटी उतारा द्या. आणि नोंदताना वाडीला ते लोक स्वतः काय म्हणतात ते एकदा विचारून घ्या, नाहीतर तलाठी आपल्याच मनाने 'आदिवासी वाडी क्रमांक दोन' लिहून मोकळा व्हायचा.