रानचे मांस, कच्चा घास

भाऊबीज आटोपते, चकल्या-कडबोळ्यांचे डबे तळाला जातात आणि कोल्हापूरकराच्या जिभेला रश्श्याची आठवण होऊ लागते. अशा वेळी गावाकडचा एखादा पाहुणा हळूच कानाशी लागतो, "उसात डुक्कर मारलंय, वाटा धाडू का?" या प्रश्नाला नाही म्हणणे आमच्या शहरात सोपे नाही. शाहू महाराजांच्या चित्त्यांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकत इथल्या पिढ्या वाढल्या. संस्थानी काळी शिकारीसाठी राखलेल्या दाजीपूरच्या रानाचे १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. पण जिभेला कसले अभयारण्य!

कायद्याचे आधी उरकून घेऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि असे मांस घरात बाळगणे हाही गुन्हा ठरला. पिकाच्या नासाडीपायी वनखात्याच्या परवान्याने मारलेले डुक्करही सरकारच्या मालकीचे. तेव्हा पाहुण्याचा 'वाटा' परत पाठवावा हे उत्तम. तरीही रानच्या मांसाविषयी लिहावेसे वाटते, कारण त्याबाबतची एक समजूत सुशिक्षित घरांतूनही पक्की आहे. ती अशी की, रानातले ते शुद्ध. कोंबडी पेंड खाते, रानडुक्कर कंदमुळे खाते. मग त्याला रोग कुठला?

डुकराला कंदमुळे आवडतात हे खरे. पण ते मेलेला उंदीरही सोडत नाही आणि दुसऱ्या जनावराचे कुजके मढेही सोडत नाही. खाटीकखान्यातल्या बोकडाकडे निदान पशुवैद्याची नजर जाते. रानातल्या जनावराला कोण पाहतो? बार पोटात लागला तर आतड्यातली घाण मांसभर पसरते, वर दोन-चार तास उन्हातला पोत्यातला प्रवास. छऱ्यांच्या शिशाचे बारीक कण मांसात राहतात ते वेगळेच. ते कितीही उकळले तरी जात नाहीत.

उंदीर आणि डुक्कर यांच्या या सोयरिकीतून एक पाहुणा माणसाच्या अंगात शिरतो. त्याचे नाव ट्रायकिनेला. हा केसासारखा बारीक कृमी जनावराच्या स्नायूंत वेटोळे करून, भोवती कवच घेऊन वर्षानुवर्षे स्वस्थ पडून राहतो. लंडनमध्ये १८३५ साली जेम्स पॅजेट या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला तो प्रेताच्या स्नायूंत दिसला, पण त्याला पुष्कळ दिवस कोणी निरुपद्रवीच समजत होते. १८६० च्या जानेवारीत ड्रेस्डेनच्या रुग्णालयात एक तरुण मोलकरीण दगावली. विषमज्वर म्हणून तिच्यावर उपचार चालले होते. झेंकर या डॉक्टरांनी शवचिकित्सा केली, तर स्नायू या कृमींनी भरलेले! त्यांनी तिच्या मालकाच्या घरी चौकशी केली, तेव्हा नाताळापूर्वी घरी डुक्कर कापल्याचे कळले. उरलेल्या मांसात तेच कृमी निघाले. कापणारा खाटीकही अंथरुणाला खिळलेला होता. पुढे १८६५ मध्ये हेडर्सलेबेन या जर्मन गावी कच्च्या मांसापायी सुमारे शंभर माणसे मेली, आणि त्यानंतर तिकडे मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची शिस्त लागली. आज जर्मनीत शिकणारा आपला एखादा भाचा तिथले कच्चे खिमे पावावर लावून खात असेल, तर त्यामागे ही तपासणी आहे. आपल्या उसाच्या फडात ती नाही.

आपल्याकडे हा रोग माणसांत क्वचितच नोंदला गेला. तरी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अहवालात उत्तराखंडातल्या एका खेड्याची हकिगत आहे: मेजवानीत अर्धेकच्चे डुकराचे मांस खाल्ले गेले, पुष्कळजण आजारी पडले, काही दगावले. पहिल्या आठवड्यात पोट बिघडते; मग ताप, पापण्यांना सूज, अंग ठेचल्यासारखे दुखणे. तोवर मेजवानी विसरलेली असते! म्हणून डॉक्टरांकडे जाताना काय खाल्ले, कुठे खाल्ले हे आठवून सांगावे. लाजून लपवले तर निदान विषमज्वराकडेच जायचे.

कोल्हापुरात कच्चे मांस कोण खातो, असे आपण म्हणाल. आमचा तांबडा रस्सा तर मटण हाडापासून सुटेपर्यंत रटरटतो, आणि ती रीत सोन्यासारखी आहे. मांसाच्या आतल्या भागापर्यंत ७१ अंश सेल्सिअस उष्णता पोचली की हा कृमी मरतो. कुकरच्या शिट्टीला ते काहीच नाही. धोका आहे तो शेतावर निखाऱ्यावर भाजलेल्या काळजाचा, बाहेरून काळे आणि आतून लाल! जपानात कच्चे हरणाचे मांस खाल्लेल्यांना हेपॅटायटिस-ई ही कावीळ झाल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले, आणि तो विषाणू रानडुकराच्या काळजातही सापडतो. तिखट, लिंबू, व्हिनेगर, बाटलीतले 'औषध' यांपैकी कशानेही कृमी मरत नाहीत. खारवून वाळवण्यावर भरवसा ठेवू नये. फ्रीजरवरही नको, रानटी जनावरांतल्या काही जाती गोठूनही जिवंत राहतात.

आणि मेलेले सापडलेले जनावर तर कितीही शिजवायचे असले तरी घरात आणू नये. काळपुळीचे बीज साध्या उकळीला दाद देत नाही, आणि ती सोलणाऱ्याच्या हातालाच आधी धरते.

आता आपल्या स्वयंपाकघरातले, कारण हे बाजारच्या मटणालाही लागू आहे. ज्या विळीवर मटण चिरले तिच्यावरच न धुता कोशिंबिरीची काकडी चिरू नये. कबाबाचा खिमा मळताना मीठ बेताचे आहे का हे पाहण्यासाठी चिमूटभर कच्चा खिमा जिभेवर ठेवायची सवय पुष्कळ सुगरणींना असते. त्याऐवजी सुपारीएवढा गोळा तेलात परतून घ्यावा आणि मग चाखावा. चव तशीही शिजल्यावरच कळते.