राष्ट्राच्या पायाभरणींतील एक नांव

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे यवत मागें पडल्यावर थोड्याच वेळांत केडगांवचें स्टेशन लागतें. आपल्या घरांतील वडील मंडळींस हें गांव ठाऊक असतें तें बेटावरील श्रीनारायण महाराजांच्या दत्तस्थानामुळें. गांवांत दुसरीहि एक जुनी वसाहत आहे. तिच्याकडे बोट दाखवून ‘ती मिशनची जागा’ एवढें आपण म्हणतों, आणि बोलणें पुढें चालू होतें. राष्ट्र उभारणाऱ्या ज्या माणसांचीं नांवें सभामंडपांत लागत नाहींत, त्यांचा परिचय ह्या सदरांत करून देण्याचा आमचा प्रघात आहे. त्यांपैकीं एक व्यक्ति त्या ‘मिशनच्या जागेंत’ राहून गेली.

इ. स. १८८९ च्या डिसेंबरांत मुंबईस राष्ट्रीय सभेचें पांचवें अधिवेशन भरलें. अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न होते, पार्लमेंटचे सभासद चार्ल्स ब्रॅडलॉ मुद्दाम विलायतेहून आले होते, आणि योगायोग असा कीं, १८८९ सालच्या त्या सभेस प्रतिनिधीहि १८८९ च जमले. ही गंमत सभेच्या इतिहासांत आवर्जून सांगतात. त्या प्रतिनिधींत स्त्रियाहि होत्या, ही गोष्ट मात्र एका वाक्यांत आटोपते. हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच त्या होत्या. बंगालच्या स्वर्णकुमारी देवी व डॉक्टर कादंबिनी गांगुली आल्या होत्या. आणि त्यांच्या बरोबरीनें पंडिता रमाबाई बसल्या होत्या. त्याच वेळीं भरलेल्या सामाजिक परिषदेंत विधवांच्या केशवपनाविरुद्धच्या ठरावावर रमाबाई बोलल्या. हजारों पुरुषांपुढें एक विधवा उभी राहून विधवांविषयीं बोलत आहे, हा देखावा त्या मंडपाने पूर्वीं पाहिला नव्हता.

ही बाई तेथें आली कोठून? अनंतशास्त्री डोंगरे ह्या चित्पावन पंडिताची ती कन्या, जन्म १८५८. शास्त्रीबोवांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि आईनें मुलीस. पुढें दुष्काळांत आईबाप गेले, आणि बहीणभाऊ पायीं हिंडत कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं १८७८ सालीं ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या त्यांस दिल्या. विवाह, कन्या व वैधव्य हें सर्व दोन वर्षांच्या आंत घडलें. १८८२ सालीं पुण्यास आल्यावर त्यांनीं आर्य महिला समाज काढला, आणि हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्रियांकरितां स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर मागितल्या.

नंतर त्या विलायतेस गेल्या आणि १८८३ च्या सप्टेंबरांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आमच्या घरांतून त्यांचें नांव पुसलें गेलें तें येथें.

१८८६ च्या मार्चांत डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानास हजर राहण्यासाठीं त्या अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं उतरल्या. ह्याच शहरीं १७७६ सालीं अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, व १७८७ सालीं तेथेंच राज्यघटना तयार झाली. जाहीरनाम्यावर ५६ सह्या आहेत, सर्व पुरुषांच्या. त्याच वर्षीं ॲबिगेल ॲडम्स हिनें आपल्या पतीस पत्र लिहून, नवे कायदे करतांना स्त्रियांचा विसर पडूं देऊं नका, असें विनविलें होतें, आणि जॉन ॲडम्स ह्यांनीं तें हंसण्यावारीं नेलें. पुढें तो गृहस्थ त्या राष्ट्राचा दुसरा अध्यक्ष झाला! रमाबाईंनीं त्या देशावर मराठींत ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ १८८९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत राज्यव्यवस्थेचें प्रकरण आहे, तसेंच स्त्रियांच्या स्थितीचेंहि आहे. राजकीय सभेस त्या गेल्या तें हौसेनें नव्हे, एवढें ह्यावरून कळून यावें.

१८८९ च्या मार्चांत मुंबईस त्यांनीं विधवांकरितां शारदासदन काढलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. मुली प्रार्थनेस बसतात ह्यावरून वादळ उठलें, ‘केसरी’नें कठोर टीका केली, आणि १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. त्यांस दोष देणें सोपें आहे, पण तें योग्य होणार नाहीं. मुली ज्यांच्या, त्यांचा विश्वास ही लहानसहान वस्तु नव्हे. परंतु त्या वादाचा निकाल लागल्यावर बाईंच्या बाकीच्या कामावरहि आम्हीं पडदा टाकला, हें मात्र न्यायाचें झालें नाहीं. १८९७ सालीं प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांची जी दुर्दशा चालली होती, तिच्याविषयीं त्यांनीं ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रांत सरकारविरुद्ध उघड लिहिलें. राज्यकर्त्यांचा धर्म घेतलेल्या बाईनें हें लिहावें, ह्याचा अर्थ त्या वेळीं फारच थोड्यांनीं लक्षांत घेतला.

बॉस्टनच्या मंडळीनें मदतीचें वचन दिलें होतें तें दहा वर्षांचें. पुढें संस्थेनें आपल्या पायांवर उभें राहावें म्हणून त्यांनीं केडगांवास जमीन घेतली. १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून अनाथ मुली आणिल्या आणि तेथें मुक्तिसदन वसविलें. १९०० च्या दुष्काळांत ही संख्या हजारावर गेली. शेती, विणकाम, शिवणकाम, आंधळ्यांचें शिक्षण, सर्व तेथेंच. छापखान्यांत खिळे जुळवावयास मुलीच. मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेलें त्यांचें बायबलाचें मराठी भाषांतर ह्याच मुलींच्या हातून छापलें गेलें. तें १९२४ सालीं पुरें बाहेर आलें तेव्हां बाई नव्हत्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच त्यांचा अंत झाला. मुंबई इलाख्यांत स्त्रियांस मताधिकार मिळून तेव्हां जेमतेम एक वर्ष झालें होतें.

आतां एक घरगुती गोष्ट. शारदासदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ सालीं प्रो. धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं त्यांचा पुनर्विवाह झाला, व त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांकरितां आश्रम काढला, तो पुढें हिंगण्यास गेला, आणि १९१६ सालीं त्यांतूनच महिला विद्यापीठ निघालें. हिंगण्यास शिकलेल्या आज्या व पणज्या आपल्यापैकीं कितीतरी घरांत होऊन गेल्या. त्यांच्या वह्या आणि प्रशस्तिपत्रें कोठें कोठें अजून पेटींत जपून ठेविलेलीं आढळतात. त्या पेट्या उघडतांना केडगांवचें नांव कोणी काढीत नाहीं.