खरा शिक्का, खोटी सही

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदवताना लिहून देणारा कॅमेऱ्यासमोर बसतो, यंत्रावर अंगठा टेकवतो आणि मग मागून दोन माणसे पुढे येतात. हे ओळखदार. दस्ताच्या गोषवाऱ्यात त्यांच्या नावाने छापले जाते की, लिहून देणाऱ्यास ते व्यक्तिशः ओळखतात. पुष्कळदा त्या दोघांनी लिहून देणाऱ्याचे तोंड त्याच सकाळी पहिल्यांदा पाहिलेले असते. एजंटाने हाक मारली म्हणून ते आले. त्यांच्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर जाते. खोट्या सहीच्या खरेदीखताला सरकारी शिक्का मिळतो तो याच टेबलावर.

अशा खरेदीखताची किंमत काय, याबद्दल कायदा स्पष्ट आहे. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. मालकाने सहीच केली नसेल तर मालकी हललीच नाही; खरेदीखत मुळातच शून्य. मुद्रांक शुल्क भरले, नोंदणी झाली, घेणाऱ्याने सचोटीने पूर्ण मोबदला मोजला, तरी त्याने त्या कागदात जीव येत नाही. पुढे तीच जमीन आणखी तिघांनी विकत घेतली, तरी चौथ्याच्या हाती तेच शून्य पडते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४१ प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण देते. पण खऱ्या मालकाच्या संमतीने दुसरा कोणी मालक म्हणून वावरत असेल, तरच. ज्याच्या सहीची चोरी झाली त्याची संमती कुठून आणणार?

अडचण सुरू होते ती यानंतर. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या एका निकालात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. मुळात शून्य असलेला दस्त रद्द करून घेण्याची गरज नाही, ही पहिली. नोंदणीकृत दस्त रीतसर झाला असे गृहीत धरले जाईल आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर राहील, ही दुसरी. दोन्ही तत्त्वे आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र ज्याच्या सातबाऱ्यावर भलत्याच माणसाचे नाव चढले, त्याच्या वाट्याला रोज येते ती दुसरी. बँक, तलाठी, मंडळ अधिकारी, पोलीस ठाणे, सगळीकडून एकच उत्तर मिळते: दिवाणी कोर्टात जा.

कोर्टात सही खोटी ठरवणे सोपे नसते. खऱ्या माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दोन सह्या एकमेकींवर ठेवून रेघ न्‌ रेघ जुळली तर एक गिरवलेली असल्याचा संशय घ्यावा. गिरवणाऱ्याचा हात वळणावर थबकतो, पेन मध्येच उचलले जाते, शाई तिथे दाटते. तज्ज्ञाला हे दिसते. पण तुलनेसाठी त्याच काळातल्या निर्विवाद सह्या लागतात आणि मूळ कागद लागतो. झेरॉक्सवर शाईचा दाब कळत नाही. मालक वारलेला असेल तर मुलांनी बँकेचे जुने नमुना-कार्ड, सोसायटीचे अर्ज, निवृत्तिवेतनाचे कागद शोधत फिरायचे. दरम्यान तिकडे जमिनीला कुंपण पडते.

फौजदारी बाजू कागदावर कडक आहे. असा दस्त बनावट करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३८ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली तोतयेगिरीला सात वर्षांपर्यंत. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, बनावटीचा गुन्हा ज्याने स्वतः खोटा दस्त तयार केला त्याच्यावरच सिद्ध होतो, केवळ लाभ घेणाऱ्यावर नाही. म्हणजे अंगठा देणारा तोतया सापडला नाही, तर त्याला खुर्चीत बसवणारा बनावटीच्या आरोपातून सुटू शकतो. नोंदणीच्या वेळचा फोटो आणि बोटांचे ठसे २००१ च्या दुरुस्तीने कायद्यात आले. तोतयाचा चेहरा आणि ठसा सरकारदरबारी जमा असताना तो सापडत नसेल, तर तो तपासाचा ढिलेपणा आहे. त्याला दुसरे नाव देता येणार नाही.

गोव्यात हा प्रकार किती खोल जाऊ शकतो हे दिसले. परदेशी स्थायिक झालेल्या किंवा वारलेल्या मालकांच्या जमिनी पोर्तुगीज काळातले बनावट दस्त दाखवून विकल्या गेल्या. २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले, मग निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग. नाव कागदावर आहे आणि माणूस जागेवर नाही, हेच भामट्याचे भांडवल. मुंबईत नोकरी आणि गावी चार एकर असलेली कितीतरी घरे आपल्याकडे याच स्थितीत आहेत. म्हणून महाराष्ट्रात २०२५ मध्ये सुरू झालेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम आम्हाला वारसनोंदीच्या सोयीपेक्षा मोठी वाटते. मयताचे नाव उताऱ्यावर राहणे म्हणजे दार उघडे ठेवणे.

तामिळनाडूने २०२२ मध्ये जिल्हा निबंधकालाच बनावट दस्त रद्द करण्याचा अधिकार दिला होता. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली, आणि ते योग्यच झाले. मालकीचा निवाडा साक्षीपुराव्याशिवाय एका अधिकाऱ्याच्या टेबलावर होऊ नये. ज्या टेबलावर खोटे चढले तिथेच खरेही पुसले जाण्याचा धोका असतो. निबंधकाने मालकी ठरवू नये, पण धोक्याची घंटा वाजवणे त्याच्या हाती असले पाहिजे. तक्रार आणि प्रथमदर्शनी पुरावा आला की नोंदणी कार्यालयाच्या सूची दोनवर (इंडेक्स टू) ‘दस्त वादग्रस्त’ असा शेरा पडावा, म्हणजे पुढच्या खरेदीदाराच्या वकिलाला तो शोध घेताना दिसेल. नोंदणी कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे खटला भरण्याचा मार्ग नोंदणी खात्याला आजही मोकळा आहे; तो क्वचितच वापरला जातो.

ज्यांच्यावर हे ओढवले आहे त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील मुंबई प्रांताच्या १९३९ च्या दुरुस्तीनुसार दावा दाखल केल्यावर त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदवली नाही तर दावा चालू असताना झालेल्या पुढच्या विक्रीवर दाव्याचा अंकुश राहत नाही. अनेकांना हे फार उशिरा कळते.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. फेरफाराची नोटीस आज गावच्या चावडीवर लागते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ठाण्यात किंवा दुबईत राहणाऱ्या मालकाला चावडी दिसत नाही. दस्त नोंदणीला आल्याक्षणी उताऱ्यावरच्या प्रत्येक खातेदाराच्या मोबाइलवर संदेश जावा, उताऱ्यावरच्या पत्त्यावर टपाल जावे, आणि ते पोचल्याची पावती जोडल्याशिवाय मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित करू नये. आणि ओळखदार म्हणून वर्षभरात शेकडो दस्तांवर तीच दोन नावे येत असतील, तर ती यादी संगणकातून काढायला सरकारला एक दुपार पुरेल.