बंदूक खाली ठेवली, आता गाव घेईल का?

आपलं खारबाव राज्याच्या या टोकाला, गडचिरोली पार त्या टोकाला. तिथली बातमी आपण मोबाईलवर बघतो आणि पुढे सरकवतो. पण १५ ऑक्टोबर २०२५ ची बातमी अनेकांनी थांबून बघितली असेल. माओवाद्यांचा बडा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती याने ६० साथीदारांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली. त्याची बायको तारक्का त्याच वर्षी १ जानेवारीला शरण आली होती. फोटो निघाले. खरं काम त्यानंतरचं.

राज्याची आत्मसमर्पण योजना २००५ पासून चालू आहे. हुद्दा बघून रक्कम मिळते, बंदूक आणली तर वर आणखी. गडचिरोलीत नवजीवन वसाहत आहे, बाया फिनाईल बनवतात, काहींना कोनसरीच्या लोहप्रकल्पात काम लागलं. दलममध्ये मूल नको म्हणून पुरुषांची नसबंदी व्हायची. शरण आल्यावर काहींनी परत ऑपरेशन करून घेतलं, आता त्यांच्या घरी पोरं खेळतात. चांगलंच झालं की.

पण ही पोरं शिकायला लागली की जातीचा दाखला लागणार. आपल्या पाड्यांवरच्या वारली-कातकरी आईबापांना विचारा, १९५० च्या आधीचा पुरावा शोधताना काय हाल होतात. यांचं तर अर्धं आयुष्य जंगलात गेलेलं.

त्याहून अवघड आहे ते गाव. वसाहत म्हणजे गाव नव्हे. पोलिसांचा खबऱ्या ठरवून ज्याला रात्री घरातून ओढून नेऊन मारलं, त्याची बायको अजून तिथेच राहते. मारणाऱ्यांतले कितीतरी तिच्याच भागातले, आदिवासीच. उद्या आठवडी बाजारात समोरासमोर आले तर? आपल्याकडे बांधावरून दोन घरं वीस-वीस वर्षं बोलत नाहीत, लग्नाची पत्रिकासुद्धा जात नाही. इथे तर माणूस गेलाय.

कोलंबिया देशात २०१६ च्या करारानंतर बंडखोरांच्या म्होरक्यांना पीडित कुटुंबांसमोर बसून आपण काय केलं ते कबूल करावं लागलं. आपल्याकडे शरण येणारा पोलिसांसमोर येतो, त्या बाईसमोर नाही. तिला कुणी विचारतच नाही.

खुनाचा खटला कोर्टातच चालणार, त्यात वाद नाही. पण हा माणूस परत गावात राहायला येणार असेल, तर कुठल्या अटीवर, हे ग्रामसभेत तिच्यासमोर बोललं जावं. आपल्या रीतीने तंटे सोडवायचा हक्क पेसा कायद्याने अशा गावांच्या ग्रामसभेला दिलेलाच आहे.