वाद्य कोठले, आणि सूर कोणाचा?

आमच्या ह्या नव्या मुंबईत सायंकाळच्या वेळी कोणत्याही वसाहतीतून फेरफटका मारावा. एका खिडकीतून पेटीचा षड्ज, दुसरीतून तबल्याचे बोल, तिसरीतून गिटारीची अगर व्हायोलिनची चाचपडणारी सुरावट कानी पडल्यावाचून राहत नाही. मुलांना संगीत शिकवावे अशी हौस वाशीपासून खारघरपर्यंत घराघरांतून उत्पन्न झाली आहे, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस मोठ्या समाधानाची वाटते. परंतु ह्या हौसेबरोबर एक वादही घरात शिरला आहे. त्याविषयी विद्यार्थी व पालक ह्या दोघांशीही चार शब्द बोलावेत, असे आमच्या मनात आहे.

वाद्य घ्यावयाचे ठरले की पहिला प्रश्न निघतो तो, ‘हे कोठले?’ असा. सतार कलकत्त्याची असावी की मिरजेची, ह्यावर जाणती माणसेही हमरीतुमरीवर येतात. पेटी वाजविणाऱ्यांच्या बैठकीत ‘जर्मन सुरांची’ असे नुसते म्हटले की माना डोलू लागतात. ‘पालिताण्याचे सूर’ म्हटले की त्याच माना थांबतात. आणि चिनी बनावटीचे व्हायोलिन घेऊन एखादा मुलगा वर्गात आला, तर त्याने पेटीचे झाकण उघडण्यापूर्वीच सोबती हसून मोकळे होतात! वाद्याने अद्याप एक स्वरही काढलेला नसतो, आणि निकाल मात्र लागलेला असतो.

आमच्या मते ह्या वादात दोन निरनिराळे प्रश्न एकाच दाव्याला बांधले गेले आहेत. वाद्य चांगले आहे की नाही, हा एक; आणि ते कोणी व कोठे केले हे खरे सांगितले आहे की नाही, हा दुसरा. पहिल्याचा निवाडा कानाने करावयाचा, दुसऱ्याचा सचोटीने. ज्यांनी ह्यांची गल्लत केली, त्यांच्याकडून चांगल्या वाद्यावर अन्याय झाला आणि चांगल्या कारागिरावरही झाला.

आपल्या ओळखीच्या पेटीचेच उदाहरण घ्या. हार्मोनियम हे वाद्य मूळचे फ्रान्सचे. इ. स. १८४० च्या सुमारास पॅरिस येथे अलेक्सांद्र दबॅं ह्या कारागिराने त्यास हे नाव दिले. मिशनरी मंडळींबरोबर ते ह्या देशात आले, तेव्हा पायांनी भाता हलवावा आणि खुर्चीवर बसून वाजवावे असे त्याचे रूप होते. आपल्याकडील गवई तर जमिनीवर बसणारा. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांच्यासारख्या कारागिरांनी त्याचे पाय काढले, भाता पाठीमागे आणला, आणि एका हाताने हवा भरावी व दुसऱ्याने वाजवावे अशी सोय केली. पुढे ही पेटी भजनात गेली, उपासनामंदिरात गेली, मराठी रंगभूमीवर गेली; गोविंदराव टेंबे ह्यांच्या बोटांखाली तिने रसिकांची मने जिंकली. आता सांगावे, ही पेटी फ्रेंच की हिंदी?

हा प्रश्न केवळ गमतीचा नाही. १९४० च्या मार्च महिन्यापासून आकाशवाणीने पेटीस आपल्या केंद्रांतून मज्जाव केला, तो १९७१ पर्यंत टिकला. बंदीच्या बाजूने दोन कारणे पुढे येत. पेटीचे स्वर ठरीव, तिच्यातून मींड निघत नाही व सूक्ष्म श्रुती साधत नाहीत, हे पहिले. ती परदेशी आहे, हे दुसरे. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. तो संगीताचा आक्षेप आहे. कोणीही कान देऊन त्याची परीक्षा करावी. दुसऱ्याचा मात्र संगीताशी कवडीचाही संबंध नाही. शिवाय नवल असे की, त्या वेळी ह्या खात्याची सूत्रे ज्यांच्या हाती होती, ते लायनेल फील्डेन स्वतः इंग्रज होते! जन्मभूमीवरून पारख करू लागले म्हणजे अशी विसंगती पदरी यावयाचीच. तीस वर्षे दोन्ही आक्षेप एकत्र मिसळून बोलले गेले, आणि त्या गोंधळात कित्येक गुणी वादकांची उमेदीची वर्षे निघून गेली.

आता मिरजेकडे वळू. आमच्या शाळेतील कित्येक मुलांची मूळ घरे सांगली व कोल्हापूर ह्या बाजूंस आहेत, त्यांस हे गाव परिचयाचे आहे. डॉ. वॉनलेस ह्यांनी १८९४ मध्ये स्थापिलेल्या रुग्णालयामुळे जसे ते प्रसिद्ध झाले, तसेच ते तंबोऱ्यांमुळेही झाले. पटवर्धनांच्या संस्थानात शिकलगार मंडळी शस्त्रांना धार लावण्याचे व ती घडविण्याचे काम करीत. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम ओसरू लागले. गवयांची वाद्ये तर दुरुस्तीवाचून अडून राहत. अशा वेळी फरीदसाहेब ह्या शिकलगाराने वाद्ये दुरुस्त करण्यास आरंभ केला व दुरुस्त करता करता ती घडविण्याची विद्या हस्तगत केली. तलवारीस धार देणारे हात तारेस गोडवा देऊ लागले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब ह्या गावी येऊन राहिले. तंबोऱ्याच्या स्वरावर त्यांचे लक्ष किती बारीक असे, हे संगीताच्या जाणकारांस ठाऊकच आहे. अशा कानांसमोर उतरावे लागले, म्हणून मिरजेचा तंबोरा चांगला झाला.

आणि तो तंबोरा तरी सगळा मिरजेचा कोठे असतो? त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढे ह्या बाजूच्या मळ्यांतून येतो. लाकूड तुणीचे, तेही दुरून येते. चांगल्या पोलादी तारेसाठी जर्मनीतील रोस्लाऊ गावाचे नाव घेतात. मिरजेचे असे जे आहे, ते भोपळा निवडणारी नजर, दांडी जोडणारा हात, आणि घोडी घासून घासून जवारी लावणारा कान. जवारी लागली की तार नुसती वाजत नाही, ती बोलू लागते. हे मातीत उगवत नाही. बापाकडून मुलाकडे जाते. गावाचे नाव म्हणजे अशा शे-दीडशे वर्षांच्या हातांची साठवण होय.

जगात दुसरीकडेही हेच दिसते. जपानातील हामामात्सु येथे १८८७ मध्ये एका शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त करण्यासाठी तोराकुसु यामाहा ह्या कारागिरास बोलाविले. त्या दुरुस्तीतून त्याने स्वतः ऑर्गन करण्याची उमेद धरली, आणि तेथून आजची ती जगप्रसिद्ध पेढी उभी राहिली. २०१९ पासून तिचा एक कारखाना चेन्नईजवळही चालतो. तेव्हा तेथे झालेली गिटार हाती घेऊन ‘ही जपानी की हिंदी?’ म्हणून भांडणाऱ्यांस दोन्हींपैकी कोणते उत्तर द्यावे?

त्याच १८८७ साली इंग्लंडात व्यापारी चिन्हांचा कायदा झाला. जर्मन कारखानदार आपल्या चाकू-कात्र्यांवर शेफील्डचे नाव घालतात, अशी तिकडे ओरड होती. तेव्हा परदेशी मालावर त्याच्या देशाचे नाव यावे, ते वाचून गिऱ्हाइकाने नाक मुरडावे, असा हेतू होता. जर्मनांनी वाद घातला नाही, काम सुधारले. थोड्याच वर्षांत ‘जर्मनीत बनलेले’ ही अक्षरे कलंकाऐवजी भूषण होऊन बसली. ज्या देशाच्या नावास आज आपली मुले हसतात, त्या नावाचेही उद्या असे होणार नाही, हे कोणी सांगावे?

नावाचा पगडा कानावर कसा बसतो, ह्याची परीक्षाही झालेली आहे. इटलीतील क्रेमोना येथे सतराव्या-अठराव्या शतकांत होऊन गेलेल्या स्त्रादिवारीची व्हायोलिने अमोल समजली जातात. २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे एकवीस वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवून त्यांस सहा व्हायोलिने वाजविण्यास दिली. तीन जुनी इटालियन, तीन आजच्या कारागिरांची. बहुतेकांनी स्वतःसाठी नवे वाद्य निवडले. आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्त्रादिवारीस! दोन वर्षांनी पॅरिसजवळ नामांकित वादकांची अशीच परीक्षा झाली, तेव्हाही जुने कोणते व नवे कोणते हे अंदाजापलीकडे कोणास ओळखता आले नाही. जुनी वाद्ये वाईट, असा ह्याचा अर्थ नव्हे. डोळे झाकले म्हणजे कान उघडतात, एवढाच त्याचा बोध आहे.

येथे कोणी सुज्ञ पालक विचारतील, ‘मग गावाच्या नावास काहीच किंमत नाही काय? वाटेल त्याने वाटेल तेथले नाव घालावे?’ नाही; मुळीच नाही. हाच तो दुसरा प्रश्न, आणि तो पहिल्याहून अधिक गंभीर आहे. एकोणिसाव्या शतकात सॅक्सनीच्या कारखान्यांतून निघालेल्या हजारो स्वस्त व्हायोलिनांच्या पोटात स्त्रादिवारीच्या नावाची चिठ्ठी चिकटविलेली असे. आपल्याकडे ह्याला ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ म्हणतात. उलट असेही घडते की, काम एका गावच्या कारागिराने करावे आणि वर पाटी दुसऱ्याच शहरातील दुकानाची लागावी. पहिल्या प्रकारात गिऱ्हाइकाची फसवणूक होते. दुसऱ्यात कारागिराच्या श्रमाचे श्रेय हिरावले जाते. दोन्हीकडे चोरीच आहे, मग तीत पैसा गेला असो वा नाव गेले असो.

म्हणूनच ह्या देशात १९९९ मध्ये भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला व २००३ पासून तो अंमलात आला. दार्जिलिंगच्या चहास ते मानांकन पहिल्याने, २००४ मध्ये, मिळाले. आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यासही मिळाले. ह्याचा अर्थ, मिरजेचे वाद्य जगात सर्वोत्तम असे सरकारने ठरविले, असा कोणी करू नये. अर्थ इतकाच की, जे मिरजेत झाले नाही त्यास मिरजेचे म्हणू नये. हा न्याय ज्यांच्यासाठी आहे ते कारागीर आज अडचणीत आहेत. विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी स्वस्तात मिळते. हाताने घडविलेल्या तंबोऱ्यास आठवडेच्या आठवडे लागतात. अशा वेळी कारागिराचे नावही त्यास मिळाले नाही, तर त्याच्या मुलाने तो धंदा का म्हणून शिकावा? आणि त्या मुलाने तो सोडला, तर पुढे आपण ‘मिरजेचा की कलकत्त्याचा?’ म्हणून कितीही वाद घातला, तरी जवारी लावणार कोण?

तेव्हा पालकांस आमची विनंती अशी. वाद्य घेताना मुलाच्या गुरूस बरोबर न्यावे. दुकानदाराने कोणत्या देशाचे नाव घेतले हे क्षणभर बाजूस ठेवून पाठ फिरवून ऐकावे. स्वर स्थिर राहतो काय, खुंट्या सैल पडत नाहीत ना, पेटीचा भाता हवा धरून ठेवतो काय, मुलाच्या हातास ते वाद्य पेलते काय, हे पाहावे. त्यानंतर मात्र ‘हे कोणी केले?’ असे अवश्य विचारावे. खरे उत्तर देणाऱ्याकडून घ्यावे, आणि हाताच्या कामाचे मोल घासाघीस करून पाडू नये. ज्यांस महाग वाद्य घेणे शक्य नाही, त्यांनी संकोच बाळगू नये. साध्या वाद्यावर रोज एक तास बसणारे मूल, उंची वाद्य कपाटात ठेवणाऱ्या मुलाच्या पुढेच जाईल.

विद्यार्थ्यांस तर आम्ही स्पष्टच सांगू. आपला स्वर लागत नाही म्हणून वाद्याच्या गावास बोल लावणे, ह्यास ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ म्हणतात. आणि दुसऱ्याच्या वाद्याचे गाव ऐकून त्यास हसणे, ही तर त्याहून हीन गोष्ट होय. नासरेथ गावाचे नाव ऐकून नथनेलाने शंका घेतली, तेव्हा फिलिप्पाने गावाची थोरवी गात बसण्याऐवजी त्यास येऊन प्रत्यक्ष पाहावयास बोलाविले, ही कथा तुम्हांस पाठ आहे. तीत मोठे शहाणपण आहे.

आपले हे शहर तरी कोठले? १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांभोवती घाटावरची, कोकणातली, केरळातली, पंजाबातली माणसे येऊन राहिली. एका बाकावर बसलेल्या चार मुलांची मूळ गावे चार दिशांस आहेत. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ पाहू नये, असे आपले वाडवडील म्हणत. त्यात आम्ही एवढीच भर घालतो की, मूळ विचारून कोणास कमी लेखू नये, परंतु कोणी आपले मूळ सांगितले तर ते पुसूनही टाकू नये. वाद्यांच्या बाबतीत हे जो शिकेल, त्यास माणसांच्या बाबतीत ते निराळे शिकवावे लागणार नाही.